आठवीला प्रवाळ आणि समुद्र शिकवताना व्हिनेगरच्या प्रयोगापलीकडे काय करता येईल?

खडूफळा:
आठवीचा वर्ग, ४० मुलं, शाळा समुद्रापासून लांब. प्रवाळ आणि समुद्रसंवर्धनासाठी चार तासिका मिळाल्यात. आराखडा असा: पहिल्या तासाला चित्रफीत, दुसऱ्याला शिंपला व्हिनेगरमध्ये टाकून आम्लीकरण, तिसऱ्याला पोस्टर, चौथ्याला शपथ. प्रयोगशाळेत नेहमीची रसायनं, १ ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू आणि प्रोजेक्टर आहे. मुलांना स्वतः काही मोजायला लावायचं आहे. आराखड्यात काही चुकत असेल तर तेही सांगा.

खारंपाणी:
व्हिनेगरचा प्रयोग काढून टाका, निदान एकटा तरी ठेवू नका. व्हिनेगरचा सामू साधारण २.५ आणि समुद्राच्या पृष्ठभागाचा साधारण ८.१. म्हणजे आम्लता काही लाख पट जास्त. फसफसणारा शिंपला बघून मुलं ‘समुद्रात शिंपले असे विरघळतायत’ हे डोक्यात घेऊन घरी जातात, आणि ते चूक आहे. हवेतला जादा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरून औद्योगिक काळापासून सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आलाय. उष्ण कटिबंधातलं वरचं पाणी अजूनही अॅरागोनाइटने (प्रवाळाचा सांगाडा ज्या कॅल्शियम कार्बोनेटचा असतो त्याने) अतिसंपृक्त आहे, त्यामुळे जिवंत प्रवाळाचा सांगाडा त्यात असा विरघळत नाही. कार्बोनेट आयन कमी झाल्यामुळे सांगाडा बांधायला प्रवाळाला जास्त ऊर्जा लागते आणि बांधणी मंदावते. अडचण ती आहे.

त्याऐवजी हे करा. १० ग्रॅम खाण्याचा सोडा ५०० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. त्यातले १० मिली घेऊन डिस्टिल्ड पाण्यानेच १ लिटर करा. आता लिटरला ०.२ ग्रॅम सोडा झाला. आम्ल पचवण्याची या पाण्याची क्षमता समुद्राच्या पाण्याएवढी असते. (०.२ ग्रॅम थेट तुमच्या तराजूवर मोजता येणार नाही, म्हणून हा वळसा.) एका ग्लासात हे पाणी १०० मिली, दुसऱ्यात नुसतं डिस्टिल्ड १०० मिली. दोन्हींत ब्रोमोथायमॉल ब्ल्यू या दर्शकाचे (आम्लात पिवळा, आम्लारीत निळा) सारखेच थेंब टाका आणि स्ट्रॉने फुंका. साधं पाणी दोन-चार फुंकांत पिवळं होतं. सोड्याचं निळ्यावरून हिरव्याकडे सावकाश सरकतं. किती सेकंद लागले ते मुलांना लिहायला लावा. नंतर तेच पाणी या ग्लासातून त्या ग्लासात बऱ्याच वेळा ओता: कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि निळा रंग हळूहळू परततो.

बिघडतं ते इथे:
- नळाचं कठीण पाणी वापरलं तर त्यात बायकार्बोनेट आधीच असतं, मग दोन्ही ग्लास सारखेच वागतात.
- डिस्टिल्ड पाणी सुरुवातीलाच हिरवट-पिवळं दिसेल. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात मुरलेला असतो, रसायन खराब नसतं.
- स्ट्रॉच्या वरच्या भागात टाचणीने भोक पाडा, म्हणजे चुकून ओढलं तरी पाणी तोंडात येणार नाही. प्रत्येकाला वेगळी स्ट्रॉ, प्रयोगशाळेचा सुरक्षा चष्मा सक्तीचा. सलग अर्ध्या मिनिटाहून जास्त फुंकू देऊ नका, चक्कर येते.

भरतीओहोटी:
वरच्याशी सहमत, पण चारपैकी दोन तास मी उष्णतेला देईन. आज प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मरतायत ते मुख्यतः तापलेल्या पाण्यामुळे. आम्लीकरण हे संथपणे साचत जाणारं संकट आहे.

विरंजन (प्रवाळ पांढरा पडणं) शिकवताना क्रम पक्का ठेवा. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या ऊतीत सूक्ष्म शैवाल राहतं आणि अन्नाचा मोठा वाटा पुरवतं. पाणी जास्त काळ तापलं की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं, आणि पारदर्शक ऊतीतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. तो प्रवाळ उपाशी असतो, मेलेला नसतो. पाणी वेळेत निवलं तर सावरूही शकतो.

आता आकडेमोड. अमेरिकेच्या नोआ संस्थेचा कोरल रीफ वॉच विभाग ‘डिग्री हीटिंग वीक’ मोजतो. त्या जागेच्या सर्वात उष्ण महिन्याचं सरासरी तापमान घ्यायचं, त्याहून किमान १ अंश वर असलेले आठवडेच धरायचे आणि गेल्या १२ आठवड्यांतल्या जादा अंशांची बेरीज करायची. ४ झाले की लक्षणीय विरंजनाची शक्यता, ८ झाले की तीव्र विरंजन आणि मृत्यूची. मुलांना हा काल्पनिक तक्ता द्या. आधार २९ अंश. सहा आठवडे २९.६, ३०.०, ३०.५, ३१.०, ३०.४, ३०.८, बाकीचे २९ च्या खाली. बरोबर उत्तर ७.७. निम्मा वर्ग पहिल्या आठवड्याचे ०.६ सुद्धा मिळवून ८.३ काढेल, आणि इशाऱ्याची पातळीच बदलेल. ती चूक होऊ द्या, चर्चा तिथूनच रंगते.

दुसरा तास फोटोंचा. प्रवाळभित्तिकेचा वरून सरळ काढलेला फोटो प्रोजेक्टरवर लावा, त्यावर ५ × ५ असे २५ बिंदू. प्रत्येक बिंदूखाली काय आहे ते प्रत्येक गटाने वेगळं नोंदवायचं: जिवंत प्रवाळ, विरंजित, मृत, वाळू, इतर. एक बिंदू म्हणजे ४ टक्के. गटांची उत्तरं जुळणार नाहीत, आणि कारणं ठरलेली असतात. रंग दिसला की मुलं ‘जिवंत’ लिहितात, पण मेलेल्या सांगाड्यावर शैवालाची तपकिरी-हिरवी साय चढलेली असते. उलट, शाखावाल्या प्रवाळांची वाढती टोकं निरोगी असतानाही पांढरीच असतात, त्यांना ‘विरंजित’ म्हटलं जातं. या दोन खुणा आधी सांगू नका. पहिली मोजणी झाल्यावर सांगा आणि पुन्हा मोजायला लावा.

क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाचा, प्रवाळाचा रंग ताडून बघायचा १ ते ६ छटांचा रंगतक्ताही आहे, पण तो शाळेच्या प्रिंटरवर छापून वापरू नका. शाईने छटा बदलते आणि मोजमाप निरर्थक होतं.

शंखशिंपले:
तीन गोष्टी, थोडक्यात. ‘नमुना’ म्हणून प्रवाळाचा तुकडा विकत आणू नका. कठीण प्रवाळांचा व्यापार साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो, आणि जपायला शिकवण्याच्या तासाला तोडलेला प्रवाळ फिरवणं विचित्रच. पोस्टरवर नुसते रंगीत मासे नकोत, जागतिक विरंजनाची कालरेषा घ्या: १९९८, २०१०, २०१४–१७, आणि २०२३ पासूनची चौथी घटना. मधली अंतरं मोजली की सावरायला किती वेळ मिळतो ते मुलांना दिसतं. आणि सनस्क्रीनवर तास घालवू नका. हवाईने प्रवाळासाठी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली हे खरं, पण उष्णतेपुढे तो मुद्दा फार लहान आहे. सोपा म्हणून तोच मुलांच्या लक्षात राहतो.

खडूफळा:
आभार. म्हणजे एक तास सोड्याचा, दोन उष्णतेचे, कालरेषा घरून. शपथेच्या जागी काय ठेवू?

भरतीओहोटी:
शाळेचा वीजमीटर. समुद्र तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडशी मुलांचा थेट संबंध विजेतून येतो. तासिकेच्या आधी दोन आठवडे रोज एकाच वेळी दोन मुलांनी आकडा लिहायचा, सुट्टीच्या दिवशीही कोणाला तरी जमवायला सांगा. बंद शाळेत किती युनिट जळतात हा आकडा बहुधा सगळ्यांना चकित करतो. चौथ्या तासाला मुलांनी यादी करायची: बंद शाळेत काय चालू असतं, त्यातलं काय बंद करता येईल, कोणाची परवानगी लागेल. मग मुख्याध्यापकांना पत्र, आणि पुढचे दोन आठवडे तीच नोंद. हवामान बदललं तर पंख्यांमुळे तुलना फसते, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या फक्त सुट्टीच्या दिवसांची तुलना करा.

खारंपाणी:
वहीत मीटरचा आकडा लिहायचा, वजाबाकी वर्गात. मुलं घाईत फक्त फरक लिहून ठेवतात आणि मग एक चुकलेला दिवस सापडत नाही.