अकाउंटंटचं काही खरं नाही म्हणे!

उलटी_नोंद
काल एकाने इथे लिहिलं, ‘बी.कॉम. करून टॅली शिकणं म्हणजे आता टायपिंगची परीक्षा देण्यासारखं. सगळं सॉफ्टवेअर करतं, सांगली-कोल्हापुरात अकाउंटंटचं काही खरं नाही.’ डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाही हेच ऐकलं होतं. झालं काय? व्हॅटच्या काळात आमचे शेठ तिमाहीला पिशवीभर बिलं सीएकडे टाकून मोकळे व्हायचे. आता दर महिन्याला ७ ला टीडीएस (कापून ठेवलेला आयकर), ११ ला आर-वन (विक्रीचं जीएसटी रिटर्न), २० ला थ्री-बी (कर भरायचं रिटर्न). (तिमाही रिटर्नवाल्यांनी हसू नका, पैसे तुम्हालाही दरमहा भरावे लागतात.) ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) ५०० कोटींच्या उलाढालीपासून सुरू झालं, ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आलं. म्हणजे एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराच्याही दारात.

बँक स्टेटमेंटवरून एंट्र्या आपोआप पडतात, कबूल. पण शेठनी पोराची फी फर्मच्या खात्यातून भरली, ती खर्चात टाकायची नाही, शेठची उचल म्हणून टाकायची, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? आणि शेठना कोण सांगणार?

कोरा_कागद
काल ते लिहिणारा मीच. कामं मोजलीत, माणसं मोजली नाहीत. इचलकरंजीत आमच्या ओळखीची एक मुलगी यंत्रमागाच्या तीन फर्मची पुस्तकं एकटी बघते. पगार ११ हजार, तोही तिघांत मिळून. याला तुम्ही संधी म्हणा.

गल्ल्यावर
पगाराचं रडगाणं पुरे. माझं पाइप-मोटारींचं दुकान आहे. पोरगं घ्यायचं, शिकवायचं, सहा महिन्यांत ते पुण्याला. गेल्या वर्षी एका सप्लायरने आर-वन भरला नाही, बिल टू-बीत (सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत) नाही, तरी आमच्या हुशाराने क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलं. नोटीस मला, व्याज मला. त्याच्या पगारातून कापलं तर चुकलं काय?

नावे_जमा
चुकलंच. जानेवारी २०२२ पासून टू-बीत नसेल तर क्रेडिट नाही, हे बरोबर. पण माल कुणाकडून घ्यायचा ते अकाउंटंट ठरवतो का? माझ्याबाबतीत हेच झालं. १४ तारखेला टू-बी निघालं, १५ ला मी शेठना राहिलेल्या बिलांची यादी दिली. ‘आपलाच माणूस आहे, भरेल तो, तू क्रेडिट घे.’ पुढं नोटीस आली तर ‘तू बघायला नको होतंस?’ ४ हजार गेले माझे. सप्लायर अजून दिवाळीला मिठाई पाठवतो त्यांना.

गल्ल्यावर
यादी लेखी दिली होती का ताई?

नावे_जमा
व्हॉट्सअ‍ॅपवर. वाचल्याच्या निळ्या खुणा आहेत. आणि ताई म्हणू नका, तुमच्याकडे कामाला नाही मी.

जुना_दिवाणजी
तुम्हा पोरांना कीर्द (रोजच्या नोंदींची वही) आणि खतावणीतला (खातेवार वही) फरक माहीत नाही, हे खरं दुखणं. पाच पैशांचा फरक निघेपर्यंत आम्ही घरी जात नव्हतो. आता फरक आला की सस्पेन्सला (तात्पुरत्या खात्यात) टाकतात आणि मोबाइल बघतात.

कोरा_कागद
काका, त्या जागरणाचे जादा पैसे मिळाले कधी?

जुना_दिवाणजी
नाही. पण पगार कापायची हिंमत मालकाची नव्हती. अख्खा धंदा आमच्या डोक्यात होता.

नावे_जमा
हे मात्र पटलं. आता धंदा पेनड्राइव्हवर असतो, म्हणून हिंमत होते.

उलटी_नोंद
धागा नोकरीवर होता, टू-बीवर नाही! बरं, पगार वाईट आहेत हे कोरा_कागदचं मान्य. पण नोकरी नाही आणि पगार नाही, हे एकच नव्हे. मी २०१९ ला ९ हजारांवर लागलो. रिटर्न, बँकेचा मेळ, स्टॉक स्टेटमेंट, सगळं अंगावर पडलं म्हणूनच शिकलो. आज पाच दुकानांची कामं घरून करतो, बरं चाललंय.

कोरा_कागद
म्हणजे नोकरी सोडल्यावर बरं चाललंय. आभारी आहे.

उलटी_नोंद
ती केली नसती तर पाच दुकानं माझ्याकडे आली असती का? जाऊ दे.

गल्ल्यावर
भांडून झालं असेल तर सांगा, कुणी आहे का? आमचा पोरगा १ तारखेपासून येत नाहीये आणि आज १८ आहे.

नावे_जमा
कापलेले पैसे परत करा, तोच येईल.

गल्ल्यावर
निम्मे देतो.