ग्रासहॉपरमध्ये फिरवलेल्या विटांची जाळी: प्रत्यक्षात कुठवर जमते?

पश्चिम_भिंत:
पुण्यातल्या एका बंगल्याच्या पश्चिमेला विटांची जाळी योजली आहे, ६ मीटर लांब आणि ३ मीटर उंच. वीट २३०×१००×७५ मिमी, एका थरातल्या दोन विटांत १०० मिमी फट, वरच्या थरातली वीट फटीवर मधोमध. ग्रासहॉपरमध्ये (नियम आणि आकडे दिले की आकार आपोआप काढणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक वीट आपल्या मध्याभोवती फिरवली असून कोन ० पासून ४५ अंशांपर्यंत वाढत जातो. स्ट्रक्चरल इंजिनिअर नाही म्हणतात आणि मिस्त्री विचारतात, कोन धरायचा कसा? यात काही बदल करून जमेल, की आकडे बदलून आकार बदलायची ही पॅरामेट्रिक पद्धत वीटकामाला लागूच पडत नाही?

ओळंबा:
इंजिनिअरचं बरोबर आहे. आधी टेक मोजा, म्हणजे वरची वीट खालच्या विटेवर जेवढी टेकते ते क्षेत्रफळ.

वरच्या आणि खालच्या विटेच्या मध्यांत आडवं अंतर १६५ मिमी आहे. दोन्ही सारख्याच कोनात फिरल्या की टेकीची लांबी होते २३० वजा १६५ कोसाइन आणि रुंदी १०० वजा १६५ साइन. सरळ विटेला प्रत्येक टोकाला ६५ चौ. सेंमी टेक मिळते. २० अंशांवर ती ३३ उरते, ३० अंशांवर १५, आणि ३७ अंशांच्या जरा पुढे शून्य. म्हणजे ४५ अंशांच्या विटा चक्क हवेत आहेत. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, कारण त्याला फक्त भूमिती कळते, वजन नाही.

पण उपायही तिथेच आहे. हे सूत्र ग्रासहॉपरच्या डेफिनिशनमध्ये (तुम्ही जोडलेल्या नियमांच्या फाइलमध्ये) घाला. किमान टेक किती हवी ते इंजिनिअरकडून घ्या आणि त्याहून कमी टेक असलेल्या विटा स्क्रीनवर लाल होऊ द्या. मग फट आणि कोन दोन्ही स्लायडर हलवून पाहा. फट ६० मिमी केली तर २० अंशांवरही ४७ चौ. सेंमी टेक मिळते. हाताने प्रत्येक पर्यायाचं ड्रॉइंग काढायचं तर कुणी चौथा पर्याय बघत नाही. इथे पन्नास बघता येतात. पॅरामेट्रिकचा खरा फायदा मला हाच वाटतो, भिंतीवर दिसणारी लाट नव्हे.

शिवाय १०० मिमी जाडीची जाळी ३ मीटर सलग चढवू नका. साधारण दर मीटरला ७५ मिमीचा काँक्रीटचा पट्टा, त्यात ८ मिमीच्या दोन सळ्या, टोकं कॉलममध्ये अडकवलेली.

काटकोन:
कोन कशासाठी फिरवताय? उन्हासाठी असेल तर आधी हिशोब करा. वरची वीटच छज्ज्यासारखी काम करते, त्यामुळे सूर्य साधारण ४५ अंशांच्या वर असेपर्यंत साधी सरळ जाळीही ऊन अडवते. पुण्यात मे महिन्याच्या मध्यात हे पावणेचारच्या सुमारापर्यंत चालतं. कोनाचा उपयोग त्यानंतर.

तेव्हा सूर्य नेमक्या पश्चिमेला नसतो. मे महिन्यात तो पश्चिमेच्या सुमारे २० अंश उत्तरेला मावळतो. म्हणून विटेचं उत्तरेकडचं टोक बाहेर काढा, फटी नैर्ऋत्येकडे वळतील. हिवाळ्यातलं ऊन मग आत येईल, ते हवंच असतं. ऑक्टोबरमध्ये मात्र सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि हाच कोन त्रास देतो. दोन्ही साधत नाही, निवड करावी लागते. लेडीबगमध्ये (ग्रासहॉपरला जोडायचं ऊन-हवामान तपासण्याचं साधन) पुण्याची हवामान फाइल टाकून दोन्ही महिने तपासा. एकट्या २१ जूनचं चित्र पाहून कोन ठरवू नका, तेव्हा पुण्यात बहुधा ढगच असतात.

लाइनदोरी:
मिस्त्रींच्या प्रश्नाचं उत्तर: कोन पाचच ठेवा, ०, ५, १०, १५ आणि २०. एका अंशाने विटेचं टोक जेमतेम २ मिमी सरकतं आणि भट्टीच्या विटांत त्याहून जास्त फरक असतो. एकेका अंशाने बदलत जाणारा कोन स्क्रीनवरच दिसणार.

१२ मिमी प्लायच्या पाचरी कापा, एका कोनाला एक, प्रत्येकीला वेगळा रंग. पाचर लाइनदोरीला टेकवायची, तिच्या तिरक्या कडेला वीट लावायची. फट ६० धरली तर विटांचे मध्य लाकडी पट्टीवर २९० मिमीवर खुणा करून घ्या. तीच पट्टी पुढच्या थराला १४५ मिमी सरकवली की झालं. मिस्त्रींच्या हातात मॉडेल नको, थरानुसार रंगीत ठिपक्यांचा तक्ता द्या. विटेचा क्रमांक थर आणि जागा यांवरून द्या, उदाहरणार्थ १२-०७. ग्रासहॉपरच्या यादीतला अनुक्रमांक वापरलात तर फट बदलताच सगळे आकडे सरकतात आणि साइटवरचा तक्ता जुना पडतो.

स्वित्झर्लंडमधल्या फ्लेश गावातल्या गांटेनबाइन वाइनरीचं उदाहरण बरेच जण देतात. २००६ च्या त्या कामात सुमारे २०,००० विटा वेगवेगळ्या कोनांत आहेत, पण त्या झुरिकच्या ईटीएच संस्थेत रोबोटने रचल्या, चिकटवल्या आणि ७२ पॅनेल तयार करून साइटवर नेली. तिथे प्रत्येक कोन वेगळा असला तरी रोबोटला तेवढाच वेळ लागतो. मिस्त्रींचं तसं नाही.

पश्चिम_भिंत:
फट ६०, कमाल कोन २० करतो. वीट साधी भट्टीचीच चालेल?

ओळंबा:
शिक्क्याचा खड्डा असलेली नको. वीट फिरली की तो अर्धा उघडा पडतो, पावसाळ्यात पाणी साचतं आणि शेवाळ धरतं. टेकही तेवढीच कमी होते, सूत्रात ती धरलेली नाही. तार-कापणीची (साच्याऐवजी तारेने कापलेली) सपाट वीट घ्या. सिमेंटचा माल टेकीपुरताच लावा आणि बाहेर आलेला ओला असतानाच खरवडून काढा.