विद्यार्थ्यासाठी जुनी गाडी: कमी रनिंगची घ्यावी की बिलं असलेली?

पहिला_गिअर

नमस्कार मंडळी. कॉलेजला जाण्यायेण्यासाठी जुनी गाडी घ्यायची आहे. बजेट तुटपुंजं आहे, त्यामुळे घेतल्यावर दर महिन्याला तिच्यावर पैसे ओतणं जमणार नाही. रोज ८ किमी जायचं आणि ८ किमी यायचं, तेही गर्दीतून. महिन्यातून एखाद्या वेळी हायवेवर ३०० किमी.

तीन गाड्या बघून ठेवल्यात, किंमत जवळपास सारखीच:

क) २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, ३८,००० किमी, एकच मालक, सर्व्हिसचं एकही बिल नाही.
ख) २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, १,०४,००० किमी, दोन मालक, बिलांची फाईल आहे.
ग) २०१८ची डिझेल सेडान, १,२५,००० किमी, दिसायला सगळ्यात भारी, ॲव्हरेजही जास्त.

घरच्यांचा कौल ‘क’ला, मित्रांचा ‘ग’ला. तिन्ही मॅन्युअल आहेत. कुठली घ्यावी, आणि बघायला गेल्यावर नक्की काय तपासावं?

तेलकट_हात

‘ग’ आधी यादीतून काढा. ८ किमीच्या फेऱ्यांना डिझेल म्हणजे दुखणं विकत घेणं. गाडीला डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतली काजळी अडवणारी जाळी, असेल तर ती साफ होण्यासाठी एक्झॉस्ट सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो आणि गाडी १५-२० मिनिटं एका लयीत पळावी लागते. गर्दीतल्या ८ किमीत हे कधीच होणार नाही. सफाई अर्धवट राहिली की जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. मग डिपस्टिकवर पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते, आणि लोक खूश होतात की गाडी ऑइल खात नाही! शिवाय सव्वा लाखाच्या पुढे इंजेक्टर, टर्बो आणि ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचपाशी इंजिनाचे झटके झेलणारं जड चाक) यांतलं काहीही डोकं वर काढू शकतं. रोजच्या १६ किमीला डिझेलचं ॲव्हरेज चाटायचंय का?

आता ‘क’. ९ वर्षांत ३८,००० म्हणजे वर्षाला ४,२०० किमी, दिवसाला जेमतेम १२. हा आकडा खरा धरला तरी त्या इंजिनाचं आयुष्य छोट्या फेऱ्यांत गेलंय. इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही आणि हळूहळू गाळ धरतो. अशा गाडीचं ऑइल किमी न मोजता वर्षाला एकदा बदलावंच लागतं. ते बदललं का, हे सांगणारं बिलच नाही. रबराचे होज, सील, बुश, ब्रेक फ्लुइड हे सगळं उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

‘ख’चं रनिंग वर्षाला १३,००० पडतं, अगदी सर्वसाधारण. दर १०,००० किमीला ऑइल बदललेलं साधं पेट्रोल इंजिन लाखाला थकत नाही. माझं मत ‘ख’, पण फाईल नुसती जाड आहे म्हणून भुलू नका. बिलांवरच्या तारखा आणि किमी ओळीने लावा. एखाद्या ठिकाणी ३०,००० किमीची खिंड पडली असेल तर तिथे काय झालं ते विचारा.

या तीनपैकी कुठलीच जमली नाही तर पुढच्या शोधात १.० ते १.३ लिटरचं बिनटर्बोचं पेट्रोल, मॅन्युअल, आणि ज्याचे पार्ट भंगारातसुद्धा सहज मिळतात असं खपाचं मॉडेल बघा. १७ इंची अलॉयपेक्षा १४ इंची साधी रिम बरी, टायर बदलताना फरक कळतो. आणि बजेटचा पाचवा हिस्सा बाजूला काढून उरलेल्यातच गाडी बसवा. घेतल्या घेतल्या खर्च असतोच.

थंड_इंजिन

वरच्या प्रतिसादाला +१. आता तपासणीचं.

विकणाऱ्याला आधीच सांगा की मी यायच्या आत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन खोटं बोलत नाही, तापलेलं बोलतं.

सेल्फ मारायच्या आधी ऑइलचं झाकण, डिपस्टिक आणि रेडिएटरचं झाकण बघून घ्या. रेडिएटर गार असतानाच उघडायचा, तापलेला उघडला तर तोंड भाजेल. कूलंट रंगीत आणि स्वच्छ हवं. गंजाचं पाणी दिसलं तर वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी भरलंय. वर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅसकेटचा, म्हणजे इंजिनाचं डोकं आणि धड यांमधल्या सीलचा, संशय घ्या. मल्टिमीटर असेल तर बॅटरी मोजा: बंद गाडीत १२.६ व्होल्ट, सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५.

मग स्टार्ट करा आणि एकाला मागे सायलेन्सरपाशी उभं करा. सुरू होताना निळ्या धुराचा एकच झोत आला तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत, त्यावर बरेच दिवस निभतं. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, तिथून नमस्कार करून निघा. पांढरी वाफ थंड सकाळी असायचीच, पण इंजिन तापल्यावरही गोडसर वासाची वाफ येत असेल तर कूलंट जळतंय.

चालवताना क्लच असा बघा: मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झपकन चढलं आणि वेग मागे राहिला तर प्लेट संपली. दुसरा गिअर टाकताना कर्र झालं तर सिंक्रोनायझर झिजलाय. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, कट-कट-कट आवाज आला तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळत्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा, गेलाय. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घूं घूं म्हणजे व्हील बेअरिंग.

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचं. साधा ब्लूटूथ स्कॅनर लावा आणि एरर कोड नाहीत एवढ्यावर थांबू नका, ‘रेडिनेस मॉनिटर’ बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की हे मॉनिटर शून्यापासून सुरू होतात. विकणाऱ्याने कालच चेक इंजिनचा दिवा पुसला असेल तर ते अपूर्ण दिसतात.

लांबी_कमी_पत्रा_जास्त

इंजिनाइतकाच पत्रा बघा. दिवसाच्या उजेडात, कोरड्या गाडीवर. बॉनेटच्या बिजागऱ्या आणि फेंडर यांच्या बोल्टांवरचा रंग पाना लागून उडालाय का? एका बाजूची फट बोटभर आणि दुसरीकडची नखाएवढी आहे का? कंपनीचा रंग बहुतेक ८० ते १५० मायक्रॉन असतो. रंगाची जाडी मोजायच्या मीटरवर एखाद्या दारावर ५०० दिसले तर खाली लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. दार किंवा बंपर रंगवलेला चालतो. पुढचे चॅसिस रेल, ॲप्रन आणि दारामधले खांब वेल्ड करून सरळ केलेले चालत नाहीत.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातकट रेघ सापडते, कारण तिथवर कोणी धूत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ आणि सीटच्या रुळांवरचा गंजही बघा. गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर कार्पेट उचलून वास घ्या.

चॅसिस नंबर कागदावर आणि गाडीवर अक्षर न् अक्षर जुळवा, आणि गाडीवर कर्ज शिल्लक नाही याचा लेखी पुरावा घ्या. यात भिडस्तपणा नको.

पहिला_गिअर

सर्वांचे आभार. दोन्ही पाहून आलो.

क: ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पिवळट थर. कूलंट तांबूस. ब्रेक पेडलच्या रबराच्या कडा झिजून गुळगुळीत. चारही टायरांवर ११२१, नक्षी ३ मिमी.

ख: झाकण स्वच्छ, ऑइल काळं पण पातळी बरोबर. थंड स्टार्टला साधारण २ सेकंद टिक-टिक, मग शांत. ९० च्या वेगाला ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. टायर २०२३चे, नक्षी ५ मिमी. कोड नाहीत, पण एक मॉनिटर अपूर्ण: ‘इव्हॅप’. फाईलमध्ये टायमिंग बेल्टचं बिल सापडलं नाही.

तेलकट_हात

‘क’ सोडा. नुसती साय असती तर छोट्या फेऱ्यांचं पाणी म्हणून सोडून दिलं असतं, त्याने हेड गॅसकेट गेली असं सिद्ध होत नाही. पण टायर बघा. ११२१ म्हणजे २०२१चा ११वा आठवडा. गाडी २०१६ची, म्हणजे हा दुसरा संच. नवीन टायरला नक्षी ८ मिमीच्या आसपास असते आणि १.६ला टायर बाद, म्हणजे हा संचही तीन चतुर्थांश संपलाय. पहिला संच वयामुळे बदलला असं धरलं तरी दोन्ही मिळून ३८,००० मध्ये बसवणं अवघड आहे. त्यात पेडलचं रबर. मीटर मागे फिरवलाय असं छातीठोक म्हणत नाही, पण त्या आकड्याला पैसे मोजू नका.

‘ख’ची दोन सेकंदांची टिक-टिक म्हणजे ऑइल वर पोचेपर्यंतचा आवाज. ती चालते. पाच-सात सेकंद साखळी आपटल्यासारखा खडखडाट असता तर वेगळं बोललो असतो. ब्रेकची थरथर पुढच्या डिस्कची, जाडी एकसारखी राहिलेली नाही. डिस्क आणि पॅड जोडीने बदला आणि तो खर्च किमतीतून वजा करायला सांगा. इव्हॅप, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा, तिचा मॉनिटर पूर्ण व्हायला टाकी अगदी भरलेली किंवा रिकामी चालत नाही, त्यामुळे तो सगळ्यात उशिरा येतो. तेवढ्यावरून शंका घेऊ नका. ‘कॅटॅलिस्ट’ (सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा भाग) अपूर्ण असता तर थांबायला सांगितलं असतं.

टायमिंग बेल्टचं, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणाऱ्या पट्ट्याचं, मात्र आधी बघा. इंजिनाच्या पट्ट्यांच्या बाजूला प्लास्टिकचं कव्हर असेल तर आत बहुतेक बेल्ट, सील लावलेलं धातूचं कव्हर असेल तर बहुतेक तेच काम करणारी चेन. (काही छोट्या इंजिनांत बेल्ट ऑइलमध्येच फिरतो आणि कव्हर धातूचं असतं, म्हणून इंजिन कोडवरून मॅन्युअलमध्ये खात्री करा.) चेन निघाली तर बिल नसणारच, विषय मिटला. बेल्ट निघाला तर १,०४,००० किमी आणि ८ वर्षं या दोन्ही हिशेबांनी तो मुदतीबाहेर आहे. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्ट, टेन्शनर, आयडलर, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही, सगळं एकदम बदला. हा खर्चही किमतीतून वजा.

पहिला_गिअर

कव्हर धातूचं आहे, मॅन्युअलमध्येही चेनच लिहिलंय. ‘ख’ घेतोय. घेतल्यावर पहिल्या आठवड्यात काय करून घेऊ?

थंड_इंजिन

ऑइल आणि फिल्टर, मॅन्युअलमध्ये असेल त्याच ग्रेडचं. एवढ्या इंजिनाला ३ ते ४ लिटर लागतं, पण एकदम ओतू नका, शेवटचा अर्धा लिटर डिपस्टिक बघत घाला. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं आणि घाटात उकळून पेडल खाली बसतं. दोन वर्षांत बदलल्याची नोंद नसेल तर बदला. कूलंट पूर्ण काढून नवीन भरा, तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं. जुन्यात दुसऱ्या जातीचं मिसळू नका, गाळ धरतो. एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर घरीच बदलता येतात, शिकून घ्या. प्लग काढून बघा: साधे असतील तर ३०-४० हजारांत संपतात, इरिडियम लाखापर्यंत जातात, म्हणजे फाईलमध्ये बदलल्याचं बिल नसेल तर तुमचे दोन्ही बाबतीत बदलायला आलेच.

डिस्क बदलताना चाकं निघतीलच, तेव्हा पुढच्या ५०-१०० किमीनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. आणि डिकीत जॅक, पाना आहे का आणि स्टेपनीत हवा आहे का, ते व्यवहाराच्या दिवशीच बघा, नंतर कोणी देत नाही.