शब्दचर्चा: पायातली गाठ, गोळा आणि गुठळी

रानजाई: एका मसाज केंद्रासाठी मराठी माहितीपत्रक करते आहे. नवीन माणूस आला की मालिशीआधी त्याने भरायचा कागद. इंग्रजी नमुन्यातल्या एका प्रश्नाचं मी ‘पायात दुखऱ्या गाठी आहेत का?’ असं मराठी केलं. आता जो तो ‘हो’ लिहितोय! खोदून विचारलं तर कुणाला रात्री पोटरीत गोळे येतात, कुणाच्या शिरा फुगल्यात, एका काकांच्या तळपायाला नुसतं कुरूप आहे. शब्द बदलू का? आणि ‘क्लायंट’ला काय म्हणायचं? ‘रुग्ण’ नको वाटतं.

कोशवेडा: वकिलाकडे अशील, दवाखान्यात रुग्ण, तेलवाल्याकडे गिऱ्हाईक. मला त्यात काही कमीपणा दिसत नाही, पण कागदावर ‘आपण’ लिहून मोकळं व्हा.

गाठीबद्दल: नाम बदलण्याआधी क्रियापद बघा. गोळा ‘येतो’ किंवा ‘चढतो’, आणि थोड्या वेळाने उतरतो. (पोटात आला तर ती भीती, पोटरीत आला तर स्नायूचा पेटका.) गाठ ‘हाताला लागते’ आणि उद्याही तिथेच असते. गुठळी रक्ताची ‘होते’, ती आतल्या शिरेत असल्याने सहसा हाताला लागतही नाही. तुमच्या प्रश्नात ‘आहेत का’ आलं आणि तिघींची सरमिसळ झाली. ‘पायात वांब येतात’ (म्हणजे गोळेच) म्हणणारा माणूसही तुमच्या कागदावर ‘हो’च लिहिणार.

जुन्यांनी ही गल्लत केलेली नाही. चरकाने वाताचे ८० विकार मोजले, त्यांत ‘पिंडिकोद्वेष्टन’ आहे: पिंडिका म्हणजे पोटरी, उद्वेष्टन म्हणजे पिळवटणं. हाच आपला गोळा. सुश्रुताने ग्रंथी वेगळ्या सांगितल्या आणि त्यांतही मेदाची निराळी, शिरेची निराळी.

पायवाट: आमच्याकडे मालिशवाले ‘शिरेवर शीर चढलीय, गाठ मोडून देतो’ म्हणतात. ही कोणती गाठ?

सांधेजोड: मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून जरा लांबण लावतो. ती बहुतेकदा स्नायूतली आखडलेली जागा असते. बोट फिरवलं की ताणलेल्या दोरीसारखं लागतं आणि एका ठिकाणी दाबलं की कळ दुसरीकडेच जाते. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी ही कल्पना रुजवली. केनेडींच्या व्हाइट हाउसमधल्या डॉक्टर त्याच. डेव्हिड सायमन्स यांच्यासोबतच्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९८३ चा. स्नायूत नेमकं काय घडतं यावर वाद आहेत, पण मालिशीचा हात चालतो तो या ‘गाठी’वर. इथे गाठ ‘सोडवणं’ योग्य. ‘मोडणं’ हा शब्द मात्र मला खटकतो, कारण तो ऐकून माणूस हवी ती गाठ मोडून घ्यायला येतो.

कातडीखालची मऊ, बोटाखाली सरकणारी, सहसा न दुखणारी गाठ म्हणजे चरबीची, जुन्या भाषेत आवाळू. ती रगडून जिरत नाही. वाढत असेल, घट्ट लागत असेल किंवा ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर आधी डॉक्टर. नडगीवर लाल, गरम, हात लावू न देणाऱ्या गाठी उठल्या तर त्यामागे घशाचा संसर्ग किंवा क्षयही असू शकतो. तिथे तेलाचं काम नाही. जांघेतल्या दुखऱ्या गाठीला आपल्याकडे ‘अवधाण’ म्हणतात. तेव्हा खाली पायाला जखम किंवा गळू आहे का ते आधी बघायचं. फुगलेल्या निळ्या शिरांवर जोर द्यायचा नाही, त्या सोडून आजूबाजूला हलका हात, तोही खालून वर.

आणि गुठळी. ही एकच गोष्ट चुकता कामा नये. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर मालिश नाही. चोळताना गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जीव जाऊ शकतो. डॉक्टर दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजतात. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक ही संशयाची एक खूण. नुकतंच ऑपरेशन, प्लास्टर, लांबचा बसून केलेला प्रवास, गर्भनिरोधक गोळ्या, कॅन्सर यांत धोका वाढतो. घोळ असा की पेशंट हिलाही ‘गोळा आलाय’ म्हणतो. तो उतरला की नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

माहेरवाशीण: यात बाळंतीण राहिली. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे गुठळीचा धोका चांगलाच वाढलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे रोज तेल, रगडणं, शेक-शेगडी. मालिशीला माझा विरोध नाही, आमच्या मालिशवाल्या मावशींच्या हाताला तर तोड नव्हती. पण ‘पाय जड झालेत, चांगले रगडा’ हे वाक्य बाळंतिणीकडून आलं तर आधी दोन्ही पाय शेजारी ठेवून बघावेत. मावशी कागद वाचत बसणार नाहीत. त्यांना ‘एकाच पायाला सूज का गं?’ एवढं विचारायची सवय लागली तरी पुष्कळ झालं.

पायवाट: ट्रॅव्हेलबाईंच्या त्या जागेला ‘कळबिंदू’ म्हटलं तर?

कोशवेडा: कागदावर ‘कळीचा बिंदू’ वाचला जाईल आणि लोक मुद्दा शोधत बसतील. ‘आखडलेली जागा’ पुरे. खरी अडचण वेगळ्याच दुखण्याची आहे: बायकांच्या दोन्ही पायांवर चरबी साठते, पावलं सडपातळच राहतात, दाबलं की दुखतं, कातडी पटकन काळी-निळी पडते. मेयो क्लिनिकमध्ये ॲलन आणि हाइन्स यांनी १९४० मध्ये त्याचं वर्णन केलं, ‘लिपिडीमा’ म्हणून. मराठीत त्याला रुळलेला शब्द माझ्या ऐकण्यात नाही. ‘जाड पाय’ म्हणून हिणवलं जातं तेवढंच. ‘हत्तीपाय’ म्हणू नका, ते डासांमधून येणाऱ्या जंतांचं दुखणं आणि त्यात पाऊलही सुजतं.

सांधेजोड: बरोबर. अशा पायांना जोराची मालिश सोसतच नाही.

रानजाई: मग प्रश्न असे पाडते: ‘पोटरीत गोळा येतो का? आला तर किती वेळात उतरतो? पायाला हात लावल्यावर गाठ लागते का? किती दिवसांपासून? एकच पाय सुजला आहे का?’ ‘दुखऱ्या गाठी’ काढून टाकते.

माहेरवाशीण: ‘अलीकडे बाळंतपण झालं आहे का’ हेही घाला. आणि ‘सुजला’च्या पुढे ‘किंवा गरम लागतो’.

कोशवेडा: एकाच पायाच्या सुजेचा प्रश्न सगळ्यात वर न्या. पाचव्या प्रश्नापर्यंत कुणी धड वाचत नाही.