रुंद चवडा, बारीक टाच: माप देऊन बनवलेले हॉकी स्केट्स घ्यावेत का?

साताऱ्याची_ब्रॅम्प्टनमध्ये

नमस्कार मंडळी, इथे आइस हॉकी खेळणारं कुणी आहे का? लेकाला प्रॅक्टिसला सोडता सोडता मी स्वतःच बर्फावर उतरले आणि आता रविवारी रात्री बायकांच्या नवशिक्या लीगमध्ये डिफेन्स खेळते. खेळाचं अक्षरशः वेड लागलंय, पण पायांचं काय करू कळत नाही.

माझा चवडा रुंद, टाच बारीक आणि तळवा बऱ्यापैकी सपाट. रुंद फिटचे स्केट घातले की टाच आत वरखाली होते, रेग्युलर घातले की दहा मिनिटांत करंगळीकडची बाजू बधीर. शिवाय आतल्या घोट्याच्या जरा खाली जो हाडाचा उंचवटा असतो ना, तिथे घासून घासून सालटं निघतंय. लेस सैल केली तर घोटा डगमगतो, आवळली तर बेंचवर येऊन आधी स्केट सोडून बसावं लागतं, तोवर माझी शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरायची पाळी, येते.

दुकानवाला म्हणतोय सरळ कस्टम घ्या, पाय स्कॅन करू, त्या मापावर हातानं कार्बनचा बूट बनून येईल. सगळं धरून टॅक्ससकट दीड हजार डॉलरच्या आसपास जातंय. पैसे जमवलेत, घरच्यांचाही पाठिंबा आहे, पण मी काही स्पर्धात्मक खेळणारी नाही, आठवड्यातून एकदा-दोनदा बर्फावर असते. एवढं करायची खरंच गरज आहे का? ज्यांनी घेतलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, घालून कसे वाटतात, सवय व्हायला किती वेळ लागतो, सगळंच.

धारवाला_कॅलगरी

ताई, मी वीकेंडला एका स्केटच्या दुकानात धार लावायचं आणि फिटिंगचं काम करतो. पहिली गोष्ट, कस्टम हे भारी खेळाडूंसाठी असतं हे डोक्यातून काढून टाका. ते ज्यांचा पाय कारखान्याच्या साच्यात बसत नाही त्यांच्यासाठी असतं. एनएचएलमधल्या (इथल्या व्यावसायिक लीगमधल्या) ज्याचा पाय सरळसाधा आहे त्याला तयार बूटही चालतो, आणि आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या बाईला तो मुळीच चालत नाही असंही होतं.

पण दीड हजार मोजायच्या आधी आत्ताचे स्केट नीट तपासून घ्या. तुमचा नंबर मोजून दिला होता की रोजच्या बुटावरून अंदाजे? हॉकी स्केट साधारण रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतो. ताठ उभं राहिलं की बोटांची टोकं पुढच्या कडक टोपीला जेमतेम टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवून खेळायच्या पवित्र्यात आलं की ती थोडी मागे सरकून टाच मागे गच्च बसली पाहिजे. आपले लोक एक नंबर मोठा घेतात, "जरा मोकळा बरा" म्हणून, आणि मग टाच उचलली जाते ती थांबवायला लेस इतकी आवळतात की रक्तच अडतं. तुमचं बधीर होणं त्यातलंही असू शकेल.

घरी एक चाचणी करा. स्केट घाला, लेस ओवू नका, जीभ पुढे ओढून धरा आणि वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर आडवी पेन्सिल ठेवा. पेन्सिल दोन्ही कडांवर टेकली आणि पायाला लागली नाही तर बुटाची खोली पुरेशी आहे. पायावर टेकून डुगडुगली तर बूट तुमच्या पायाला उथळ आहे, मग रुंदी कितीही वाढवा, पायाची वरची बाजू दाबली जाणारच आणि लेसबाइट (लेसच्या दाबानं घोट्याच्या पुढच्या बाजूला होणारं दुखणं) होणार. हल्ली बॉअर कंपनीच्या स्केटमध्ये फिट १, २, ३ आणि सीसीएम कंपनीच्या स्केटमध्ये टेपर्ड, रेग्युलर, वाइड असे प्रकार येतात, त्यात फरक नुसत्या रुंदीचा नसतो, खोलीचा आणि टाचेचाही असतो. तिन्ही घालून बघितलेत का?

त्या हाडाच्या उंचवट्यासाठी पंच करून घेता येतो. म्हणजे बूट तेवढ्याच जागी गरम करायचा आणि प्रेसच्या गोळ्यानं आतून बाहेर ढकलून खळगा करायचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, वीस-तीस डॉलरमध्ये होतं. जागा अचूक कळावी म्हणून मी गिऱ्हाइकाच्या हाडावर लिपस्टिकचा ठिपका लावतो आणि मोजा न घालता पाय आत घालायला सांगतो, आत जिथे डाग उमटतो तिथेच पंच. एका पंचनं भागलं तर तुमचे चौदाशेहून जास्त डॉलर वाचले.

पण रुंद चवडा आणि बारीक टाच हे दोन्ही एकदम असलं, त्यात तळवा सपाट, तर पंच चवड्याला जागा देतो, टाच मात्र आवळू शकत नाही. कस्टमची खरी कमाई तिथे आहे.

विनिपेगवाला

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी कस्टमच घालतो, गेली बरीच वर्षं, आणि आता परत तयार बुटाकडे वळणार नाही.

थोडं मागचं सांगतो, कारण हे सगळं आमच्या मॅनिटोबा प्रांतात घडलंय आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. १९०५ च्या सुमारास ब्रँडन गावात जॉर्ज टॅकाबेरी नावाचा बूट बनवणारा होता. गावातलाच हॉकीपटू जो हॉल त्याच्याकडे तक्रार घेऊन गेला की बूट एक सीझनसुद्धा टिकत नाहीत. टॅकाबेरीनं कांगारूच्या चामड्याचे, टाचेला आणि पुढे मजबुती दिलेले बूट शिवून दिले. कांगारूचं चामडं पातळ असूनही चिवट, ओलं होऊन फारसं ताणत नाही. हे बूट खेळाडूंमध्ये इतके पसरले की १९३७ मध्ये टॅकाबेरी वारल्यावर सीसीएमनं ते नाव विकत घेतलं, आजही "टॅक्स" म्हणून जे स्केट मिळतात त्याचं मूळ तो. (जो हॉल १९१९ च्या स्टॅन्ली कप फायनलच्या वेळी सिॲटलमध्ये फ्लूच्या साथीत गेला, ती मालिका अर्धवटच राहिली.)

आत्ताच्या कार्बनच्या कस्टम बुटाची गोष्टही विनिपेगचीच. स्कॉट व्हॅन हॉर्न नावाचा स्पीड स्केटर, तो सायकलिंगचे आणि स्पीड स्केटिंगचे बूट बनवायचा, त्यातून व्हीएच नावानं हॉकीचे आले. २०१६ मध्ये ट्रू कंपनीनं ते विकत घेतलं. सुरुवातीला लोक कागदावर पाय ठेवून पेन्सिलनं रेघ मारून, टेपनं घेर मोजून पाठवायचे, आता फोन किंवा टॅब्लेटनं स्कॅन होतं. बॉअर आणि सीसीएमही पाय स्कॅन करून कस्टम देतात.

बऱ्याच तयार बुटांत दोन्ही बाजूचे तुकडे शिवून, खाली तळ चिकटवलेला असतो. या कार्बनच्या कस्टम बुटात तळ आणि बाजू मिळून एकच कवच, तुमच्या मापाच्या फर्म्यावर थर लावून घडवलेलं. त्यामुळे गरम केलं की नुसत्या बाजू नाही, तळव्याची कमानसुद्धा पायाला धरते. पहिल्यांदा घालतानाची गंमत म्हणजे दुकानदार बूट ओव्हनमधून काढतो, तुम्ही पाय घालता, लेस लावता आणि मग तो वरून स्वयंपाकघरातल्यासारखी प्लास्टिकची फिल्म गुंडाळतो, घोट्याभोवती घट्ट, म्हणजे कवच पायावर दाबून बसतं. पंधराएक मिनिटं खुर्चीत नुसतं बसायचं, उभं राहायचं नाही. गरम असताना लेस बाजूला ओढू नका, पुढच्या दिशेला ओढा, नाहीतर भोकाच्या रिंगा उपटून येतात.

घालून कसं वाटतं विचारलंत. पहिल्यांदा चढवताना अवघड जातं, कारण बूट खूप कडक असतो आणि तोंड रुंद उघडत नाही, लेस खालपर्यंत पूर्ण सैल करून जीभ बाहेर ओढावी लागते. पण पाय आत बसला की टाच हलतच नाही, आणि लेस निम्म्या जोरानं बांधली तरी पुरते. वळताना घोटा कलवला की पातं लगेच ऐकतं, मधे काही ढिलं राहत नाही. बधीर होणं माझं पहिल्या आठवड्यातच गेलं. उलट पिंढऱ्या दुखल्या काही दिवस, कारण आधी बूट न ऐकल्यामुळे जे स्नायू वापरलेच जात नव्हते ते कामाला लागले.

एक सांगतो, कडकपणा निवडायची सोय असेल तर सगळ्यात कडक घेऊ नका. तो जड आणि जोरात खेळणाऱ्यांसाठी असतो. गुडघा पुढे वाकताना घोटाही थोडा वाकला पाहिजे, नाहीतर तुम्ही ताठ उभ्या राहूनच खेळाल.

फिजिओ_ओटावा

ताई, आतल्या घोट्याखालचा तो उंचवटा बहुतेक नॅव्हिक्युलर हाडाचा आहे. सपाट तळव्यात कमान खाली बसते आणि ते हाड आतल्या बाजूला जास्त पुढे येतं. काहींना तिथे जन्मतःच एक छोटं जास्तीचं हाडही असतं. म्हणून नुसती जागा करून भागत नाही, कमानीला खालून आधारही पाहिजे. आधी चांगला फूटबेड (कमानीला आधार देणारा आतला तळ) घालून बघा, रोजच्या बुटात ऑर्थोटिक (पायाच्या मापानं बनवलेला आधार) वापरत असाल तर स्कॅनच्या वेळी सोबत न्या आणि सांगा की हे आत बसणार आहे. नंतर घातलंत तर पाय वर उचलला जातो आणि सगळं माप बिघडतं.

बधीरपणासाठी एक सोपी गोष्ट, लेस खालच्या तीन-चार भोकांत सैल ठेवा, मधे जिथे पाय वाकतो तिथे घट्ट, वरच्या दोनात पुन्हा जरा सैल. नवशिक्या लोकांत मी हे नेहमी बघते, खालून वरपर्यंत सगळी सारखीच करकचून बांधतात आणि शिवाय आत बोटांनी तळ पकडून ठेवतात, त्यानं तळव्यात पेटके येतात.

लेसबाइटला मात्र हलक्यात घेऊ नका. घोट्याच्या पुढच्या बाजूचे टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) सुजले, वर-खाली करताना करकर वाटली, तर काही दिवस खेळ थांबवा आणि दाखवून घ्या. खेळत राहिलात तर महिनोन्महिने बरं होत नाही.

आणि रुंद चवडा ही काही खोड नाही हो. लहानपणापासून अनवाणी वाढलेल्यांचे पंजे जास्त पसरतात हे भारतातच मोजून दाखवलंय. इथले साचे त्या पायांवरून बनलेले नाहीत, एवढंच.

हॉकीआई_मिल्टन

फक्त एक सांगायचंय, हे वाचून कुणी मुलांसाठी कस्टम मागवू नका प्लीज. माझ्या दोघांचे पाय एका सीझनमध्ये दीड नंबर वाढतात. मुलांना नीट मोजून वापरलेले स्केट घ्या, सेकंडहँडच्या दुकानात फार चांगले मिळतात, फक्त पातं किती उरलंय आणि घोट्याजवळ बूट मऊ पडलाय का ते बघा. कस्टमला पुढे गिऱ्हाईक मिळणं पण अवघड, दुसऱ्याच्या पायाचा बूट कोण घेणार. पाय वाढायचा थांबला की मग बघता येईल.

साताऱ्याच्या ताई, तुमचा मात्र पाय वाढणार नाही, तुम्ही घ्या! आपण आयुष्यभर मुलांच्या बॅगा उचलल्या आहेत.

लेहवारी_पुणे

मी दर हिवाळ्यात लेहला जाऊन खेळतो. तिथले जुने लोक सांगतात की पूर्वी लष्करी बुटांना लोखंडी पाती ठोकून खेळायचे, आणि आज त्याच लडाखच्या मुलींच्या जोरावर भारताच्या महिला संघानं २०२५ च्या आशिया चषकात कांस्य आणलं. ताई, तुम्ही खेळताय हे वाचून फार बरं वाटलं.

मला एक विचारायचंय, भारतात बसून फोनवर स्कॅन करून कस्टम मागवता येतील का? माझाही पाय तुमच्यासारखाच आहे.

विनिपेगवाला

@लेहवारी, स्कॅन पाठवणं अवघड नाही, पुढचं अवघड आहे. पहिल्याच फेरीत कस्टम शंभर टक्के बसेल असं नसतं, कधी पुन्हा गरम करावं लागतं, कधी एका जागी पंच, क्वचित अख्खा बूट परत बनवून घ्यावा लागतो. बूट समुद्रापार पाठवायचा, परत आणायचा, त्यात ड्यूटी, सीझन संपून जाईल. तुम्ही कॅनडात किंवा युरोपात कुणाकडे येणार असाल तेव्हा प्रत्यक्ष दुकानात माप द्या आणि हातात घेऊनच जा. तोवर पंच आणि फूटबेड.

साताऱ्याची_ब्रॅम्प्टनमध्ये

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार! पेन्सिलची चाचणी केली, दोन्ही पायांवर पेन्सिल डुगडुगतेय. म्हणजे बूट उथळच आहे. मग दुसऱ्या एका दुकानात गेले, त्यांनी उभं करून मोजलं, खोल प्रकारचे दोन्ही कंपन्यांचे घालून बघितले, त्यात चवडा आणि पायाची वरची बाजू दोन्ही सुटले पण टाचेत बोट सहज जातंय. तिथल्या मुलीनं स्वतःच सांगितलं की तुमच्या टाचेला तयार बुटात उपाय नाही. त्यामुळे कस्टमच घेणार, मधल्या कडकपणाचे. फूटबेड आधी घेतलाय, त्यानं आत्तापासूनच थोडा फरक आहे.

एकच उरलं, दुकानात काय काय विचारून घेऊ?

धारवाला_कॅलगरी

बसला नाही तर किती दिवसांत आणि किती वेळा फुकट दुरुस्त करून देणार, आणि पुन्हा बनवायची वेळ आली तर खर्च कुणाचा, हे पावतीवर लिहून घ्या. कस्टम परत घेत नाहीत, म्हणून हे आधीच. बनून यायला सहा-आठ आठवडे धरा, सप्टेंबरच्या गर्दीत जास्तच, तेव्हा लीग सुरू व्हायच्या बऱ्याच आधी माप द्या.

माप संध्याकाळी द्या, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. ज्या मोज्यात खेळता तोच घाला, आणि तो पातळच असू दे. बॉबी ऑर हा नावाजलेला हॉकीपटू तर मोजे न घालताच खेळायचा. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहा, स्कॅन करणारा घाईत असला तरी दोनदा करायला लावा, आणि हाडाची जागा बोटानं दाखवून नोंद करायला सांगा.

नव्या पात्याला धार नसते, पहिली धार लावूनच घरी न्या. अर्ध्या इंचाच्या हॉलोपासून (पात्याच्या तळाला धार लावताना पडणाऱ्या खाचेच्या गोलाईचं माप) सुरुवात करा. थांबताना पातं फारच रुतून झटका बसतोय वाटलं तर पुढच्या वेळी पाच अष्टमांश करून घ्या, तुम्हाला काय मानवतं ते दोन-तीन धारांत कळेल. आणि आताचे स्केट लगेच विकू नका, नवे पूर्ण बसेपर्यंत बॅगेत राहू द्या.