ला रोशजाक्लॅंचे चित्र आणि गणवेशाचा प्रश्न

आंरी द ला रोशजाक्लॅं याचे हे चित्र फ्रेंच राज्यक्रांतीतल्या 1793 च्या धामधुमीत त्याला समोर उभे करून काढले असावे आणि अंगावर राजाच्या फौजेचा गणवेश असावा, या चर्चेत मांडलेल्या दोन्ही तर्कांशी मी सहमत नाही. वांदे या पश्चिम फ्रान्समधील प्रदेशात क्रांतीविरुद्ध उठलेल्या राजनिष्ठ फौजेचा हा तरुण सेनानी जानेवारी 1794 मध्ये, वयाच्या अवघ्या 21 व्या वर्षी मारला गेला. पिएर-नार्सिस गेरॅंने हे चित्र रंगवले ते त्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी, फ्रान्सच्या गादीवर परतलेल्या अठराव्या लुईने वांदेच्या सेनानींची चित्रमालिका करवून घेतली तेव्हा. त्यामुळे चेहऱ्यावरची ती देखणी निर्भयता (चित्रकाराने ती जरा सढळ हाताने दिली आहे, असे मला वाटते) प्रत्यक्ष पाहण्यातून उतरलेली नाही.

गणवेशाचे म्हणाल, तर मुख्यतः शेतकऱ्यांच्या त्या फौजेला ठरावीक गणवेश असा नव्हताच. छातीवर शिवलेले येशूच्या पवित्र हृदयाचे चिन्ह आणि बूर्बों या फ्रेंच राजघराण्याचा पांढरा रंग, एवढ्यावरच राजनिष्ठांची ओळख पटत असे. चित्रातही हृदयाचे चिन्ह, मागचे पांढरे निशाण आणि झोळीत अडकवलेला जखमी हात यांकडेच नजर जाते. मूळ चित्र फ्रान्समधील शोले येथील संग्रहालयात आहे.