चोडण ते पणजी रोजच्या प्रवासासाठी सायकलीत कोणते बदल करावेत?

मांडवीपलीकडची (प्रश्न)

नमस्कार. मी चोडणला राहते आणि नोकरीसाठी पणजीला येते. धक्क्यापर्यंत स्कूटर, मग फेरीबोट आणि रायबंदरला उतरल्यावर बसची वाट पाहणे, हा क्रम सोडून सायकलच फेरीबोटीत घालून बाकी सगळा रस्ता सायकलने करण्याचे मी ठरवले आहे. सायकल घरात आहेच. भावाने घेतलेली, २६ इंची, लोखंडी फ्रेमची, पुढे शॉकॲब्सॉर्बर असलेली, पुढे तीन आणि मागे सात असे गिअर आणि साधे व्ही-ब्रेक असलेली. टायर जाड आणि खडबडीत आहेत. मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँड यांपैकी काहीही नाही.

मला वेगाने जायचे नाही. बरोबर लॅपटॉप आणि डबा असतो, अंगावर सलवार-कमीज आणि कधी साडी असते, आणि कार्यालयात पोहोचल्यावर पाठीवर चिखलाची रेघ नसावी एवढी माझी अपेक्षा आहे. पावसाळा तोंडावर आला आहे आणि सगळे एकदम करण्याइतके पैसे हाताशी नाहीत. त्यामुळे आधी काय करावे, नंतर काय करावे आणि काय अजिबात करू नये, हे जाणकारांनी सांगावे. कार्यालयात सायकल अर्ध्या उघड्या शेडखाली ठेवावी लागेल.

डिचोलीकर

ताई, आपला रस्ता माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. त्यावर चढण जवळजवळ नाही, पण पाणी, चिखल आणि वारा हे तिन्ही भरपूर आहेत, म्हणून सायकलीवरचा खर्चही त्याच क्रमाने करावा असे माझे मत आहे.

पहिला खर्च मडगार्डवर करावा. सीटच्या नळीला अडकवायची जी प्लास्टिकची आखूड पट्टी मिळते ती घेऊ नये. ती पाठ थोडीफार वाचवते, पण पाय, चेन आणि खालची बी.बी. (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा आस फिरतो तो भाग) मात्र भिजतच राहतात. चाकाला गोलाकार धरून बसणारे, दोन्ही बाजूंना तारांनी आवळलेले पूर्ण मडगार्ड बसवावेत आणि पुढच्या मडगार्डच्या टोकाला जमिनीपासून चार बोटे वर राहील असा रबरी पडदा लावावा. हा पडदा दिसायला क्षुल्लक असला तरी पुढच्या चाकाने उडवलेले लाल पाणी बुटांवर आणि चेनवर येते ते त्यानेच अडते. आपल्याकडे पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल एकदा थांबवून नीट पाहावी. रुंद मडगार्ड, पूर्ण झाकलेली चेन, जाड सळ्यांचे कॅरिअर आणि दोन पायांचा स्टँड. टोपलीभर पाव घेऊन पावसापाण्यात रोज पहाटे फिरायचे तर सायकल कशी असावी, याचे उत्तर त्या सायकलीत आयते आहे.

आपल्या सायकलीला इथे एक अडचण येईल. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरला मडगार्डच्या तारा अडकवायला बहुधा भोके नसतात. तूर्त रबराचे अस्तर असलेल्या क्लिपा नळ्यांवर आवळून काम भागवता येते. पुढे पैसे झाले की तो शॉकॲब्सॉर्बर काढून साधा लोखंडी चिमटा (पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क) बसवावा. डांबरी रस्त्यावर त्या स्प्रिंगचा उपयोग थोडा आणि वजन मोठे, शिवाय खाऱ्या हवेत तिच्या नळ्यांवर गंज चढला की ती दबतही नाही आणि उठतही नाही. चिमटा घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. वरच्या दांड्याची जाडी जुन्याइतकीच असावी (बहुतेक अशा सायकलींना १⅛ इंच असते), व्ही-ब्रेकच्या खुंट्या त्यावर असाव्यात आणि लांबी जुन्याच्या जवळपास असावी. आखूड चिमटा बसवला तर सायकल पुढे झुकते आणि हँडल नको तितके चंचल होते.

कॅरिअर मडगार्डबरोबरच बसवून घ्यावे. लॅपटॉपची पिशवी पाठीवर घेतली तर मे महिन्यात पाठ घामाने आणि जुलैत पावसाने भिजते, तेव्हा वजन कॅरिअरच्या बाजूला, शक्य तितके खाली अडकवावे. पिशवी जलरोधक म्हणून विकत घेतली असली तरी आत एक जाड प्लास्टिकची पिशवी असावीच.

ओढणी आणि साडीसाठी मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी लावता येते. चेन पूर्ण झाकणारे कव्हर मात्र तीन चेनव्हील असलेल्या सायकलीला बसत नाही. त्यावर सोपा उपाय असा की पुढचा गिअर मधल्या चेनव्हीलवर कायमचा ठेवावा. पुढच्या डिरेलरला (चेन एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाला) दोन छोटे स्क्रू असतात. ते फिरवून त्याची हालचाल बंद करता येते, मग तोच चेनला जागेवर धरून ठेवतो. बाहेरच्या मोठ्या चेनव्हीलवर प्लास्टिकची चकती लावली की कपडा दात्यांपर्यंत पोहोचत नाही.

एवढ्याने गिअर कमी पडतील अशी शंका येईल, म्हणून हिशेबच मांडतो. मधले चेनव्हील ३४ दात्यांचे आणि मागचे फ्रीव्हील १४ ते २८ दात्यांचे धरले, तर पायडलच्या एका फेरीत आपली सायकल सर्वांत हलक्या गिअरवर सुमारे अडीच मीटर आणि सर्वांत जड गिअरवर सुमारे पाच मीटर पुढे जाईल. मिनिटाला ६० फेऱ्या या आरामशीर गतीने जड गिअरवर ताशी १८ किलोमीटर होतात, यापेक्षा जास्त आपल्याला नको आहे. हलका गिअर मात्र लागेल. पोर्तुगीज काळात, १६३४ च्या सुमारास बांधलेला रायबंदर ते पाटो हा रस्ता अगदी सपाट असला तरी आषाढात पश्चिमेचा वारा पणजीकडे जाणाऱ्याच्या थेट तोंडावर येतो, आणि त्या वाऱ्यात सपाट रस्ताही चढणीसारखाच पायांना लागतो. संध्याकाळी परतताना तोच वारा पाठीशी असतो, हे त्यातले सुख.

फर्मागुडीचा चढ

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. टायर राहून गेले, म्हणून ते लिहितो.

खडबडीत टायर डांबरावर नुसता घूं घूं आवाज करतो आणि मेहनत वाया घालवतो. त्याऐवजी २६ × १.५ किंवा २६ × १.७५ मापाचा, जवळपास गुळगुळीत पृष्ठभागाचा टायर घ्यावा. ओल्या रस्त्यावर गुळगुळीत टायर घसरेल ही भीती बाळगू नये. सायकलीचा टायर अरुंद असतो आणि वेग कमी असतो, त्यामुळे मोटारीसारखे पाण्यावर तरंगणे इथे होत नाही, उलट जास्त रबर रस्त्याला टेकते. विकत घेताना बाजूला छापलेला आकडा अवश्य वाचावा. आपल्या रिमला ५५९ हा आकडा असलेला टायर लागतो. २६ × १⅜ असे लिहिलेला टायरही ‘२६ इंची’ म्हणूनच विकला जातो, पण त्याचा आकडा ५९० असतो आणि तो आपल्या रिमवर धरणार नाही. हवा मागच्या चाकात थोडी जास्त भरावी, कारण वजन मागे अधिक असते. साधारण बांध्याच्या माणसाला १.७५ च्या टायरमध्ये पुढे ४० आणि मागे ४५ ते ५० पीएसआय पुरते.

ब्रेकबाबत माझा आग्रह आहे की पुढेमागे डिस्क ब्रेकचा विचार करावा. पावसात रिम ओली झाली की व्ही-ब्रेक दाबल्यावर चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या पाणी पुसण्यातच जातात. मी फोंड्याच्या बाजूला रोज उतार उतरतो, तिथे हा फरक अंगावर काटा आणणारा असतो.

मांडवीपलीकडची

दोघांचेही मनापासून आभार. मडगार्ड, कॅरिअर आणि टायर एवढे या महिन्यात करून घेते. दोन शंका आहेत. डिस्क ब्रेक माझ्या या सायकलीला बसवता येतील का? आणि फेरीबोटीत सायकल खाऱ्या पाण्याने भिजली तर ती रोज धुवावी का? आमच्या जवळ स्कूटर धुण्याचे सर्व्हिस सेंटर आहे.

म्हापशाचा पाना

ताई, मी म्हापशाला सायकलदुरुस्तीचेच काम करतो, म्हणून दोन्ही शंकांना सविस्तर उत्तर देतो.

डिस्क ब्रेकसाठी फ्रेमवर कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा भाग) आवळण्याची जागा आणि चाकाच्या मधल्या हबवर डिस्क बसवण्याची जागा लागते. व्ही-ब्रेकच्या सायकलीला बहुधा दोन्ही नसतात. म्हणजे हब किंवा पूर्ण चाके बदला, चिमटा बदला आणि मागे वेल्डिंग करा, असा तो मामला होतो. फ्रेमला वेल्डिंग करून घेऊ नये असे मी स्पष्टच सांगेन. सपाट रस्त्याला चांगल्या प्रतीचे रबर लावलेले व्ही-ब्रेक पुरेसे आहेत, फक्त त्यांच्याकडे लक्ष हवे. आपल्याकडची लाल माती जांभ्या दगडाची असते आणि तिचे कण ब्रेकच्या रबरात रुततात. मग ब्रेक दाबताना खरखर आवाज येतो आणि ॲल्युमिनियमची रिम किसली जाते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा रबर उलटून पाहावे आणि चमकणारे कण सुईने टोकरून काढावेत. रिमच्या कडेवर झिजेची खूण म्हणून बारीक खाच किंवा ठिपका असतो, तो दिसेनासा झाला की रिम बदलण्याची वेळ झाली. फर्मागुडीच्या उतारासाठी मात्र डिस्क हवी, याबाबत वरच्या गृहस्थांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. त्यांनीही चेनचे तेल डिस्कवर उडणार नाही याची काळजी घ्यावी.

आता धुण्याविषयी. सर्व्हिस सेंटरमधल्या जोराच्या फवाऱ्याखाली सायकल कधीही देऊ नये. ते पाणी हब, बी.बी. आणि हँडलच्या कपांत शिरते, ग्रीस धुऊन काढते आणि छर्रे गंजवते. दोन महिन्यांनी चाक फिरवले की आतून वाळू दळल्यासारखे लागते. बादलीभर गोडे पाणी, एक फडके आणि जुना ब्रश एवढे पुरे. कधी धुवावी हे ऋतूवर आहे. भर पावसाळ्यात मांडवीत वरून इतके गोडे पाणी येते की तिचा खारेपणा बराच उतरतो, तेव्हा शत्रू चिखल असतो. मीठ लागते ते पाऊस सरल्यावर, आणि मिठागरे चालू असतात त्या उन्हाळ्याच्या महिन्यांत तर सर्वांत जास्त. म्हणून उन्हाळ्यात सायकल कोरडी दिसली तरी आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी. बोटीवर चढता-उतरताना उतरून चालावे. लोखंडी रॅम्प आणि धक्क्याचा शेवाळलेला भाग यांवर कोणताही टायर भरवशाचा नाही.

चेनची निगा अशी. भिजून घरी आल्यावर त्याच संध्याकाळी चेन फडक्यात धरून पायडल उलटे फिरवावे, म्हणजे पाणी आणि चिखल निघतो. मग चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एक थेंब सायकलचे जाडसर तेल घालावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी बाहेरचे सगळे तेल पुसून टाकावे. तेल रोलरच्या आत हवे. बाहेर राहिलेले तेल फक्त माती गोळा करते. खोबरेल वापरू नये, ते चिकट होऊन बसते. शिलाई मशीनचे तेल इतके पातळ असते की पहिल्याच सरीत निघून जाते. पाणी हटवणारे जे स्प्रे मिळतात ते पाणी हटवण्यापुरते ठीक आहेत, पण त्यानंतर तेल घालावेच लागते.

चेन झिजली की नाही हे साध्या फूटपट्टीने कळते. चेन ताणून एका पिनच्या मध्यावर शून्य धरावे. नव्या चेनमध्ये चोविसाव्या अंतराची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर नवी चेन घ्यावी. १/८ इंच पुढे जाईपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे दातेही त्या झिजलेल्या चेनच्या मापाने घासले गेलेले असतात, मग त्यावर नवी चेन सुटत राहते आणि दोन्हींचा खर्च एकदम येतो.

आणखी एक गोष्ट, जी गिऱ्हाईक कधी विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. आपली फ्रेम लोखंडी आहे. सीटची नळी ॲल्युमिनियमची असेल तर खाऱ्या दमटपणात हे दोन धातू एकमेकांना असे धरतात की पुढे नळी करवतीने कापून काढावी लागते. आजच नळीवर चिकटपट्टीने उंचीची खूण करून ती बाहेर काढा, पुसून भरपूर ग्रीस लावा आणि परत बसवा. दर दोन-तीन महिन्यांनी हे करावे. त्याच वेळी फ्रेमच्या आत थोडे तेल फवारावे आणि बी.बी.च्या खाली पाणी निघायचे भोक आहे का, असल्यास ते चिखलाने बुजले नाही ना, हे पाहावे. सीटखालच्या आवळपट्टीमागे फ्रेमला एक फट असते. तिथूनच पावसाचे पाणी आत उतरते. जुन्या ट्यूबचा चार बोटे रुंद तुकडा कापून नळीवर चढवावा आणि तो फटीवर ओढून बसवावा. शेड अर्धी उघडी असली तरी मग चिंता नाही. गिअर आणि ब्रेकच्या तारा बदलाल तेव्हा स्टेनलेस स्टीलच्याच मागून घ्या, आणि पायडल काढून ग्रीस लावताना डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा.

डिचोलीकर

म्हापशाच्या बंधूंनी ट्यूबचा तुकडा सांगितला, त्याला जोडून एक लिहितो. मडगार्डचा रबरी पडदाही मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापता येतो. वर दोन भोके पाडून वॉशर घालून आवळला की पुरे. आणि ताई, मागचा लाल दिवा विसरू नका. ढग भरून आले की रायबंदरच्या त्या रस्त्यावर दुपारी चारलाही मागून येणाऱ्या बसचालकाला सायकल दिसत नाही. दिवा सीटखाली लावू नका, पावसाळी अंगरख्याने तो झाकला जातो. कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर लावा.